बादशहाचं दत्तकविधान

मघाशी तुम्ही सहज विचारलंत ना, "वहिनी, भाऊबीजेला माहेरी नाही गेलात?" तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. ऐकलात? तो तुम्हाला नव्हता हो, मला होता! दर भाऊबीजेला कुणीतरी हा प्रश्न विचारतं आणि माझी पंचाईत होते.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. चहा व्हायला वेळ आहे. पण हळू हसा. आतल्या माणसाला ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, नुसतं निमित्त हवं असतं.

तर, मी एकदा विलायतेच्या बादशहाला दत्तक दिलं होतं.

खरंच! वेळवंडी नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर, शाळेच्या ओट्यावर उभं राहून, भर सभेत. आणि त्यापायी माझं ठरत आलेलं लग्न बुडायची वेळ आली. बादशहाचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध, म्हणता? तेच तर सांगतोय!

छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. आपल्याकडे तेव्हा भोरचं संस्थान होतं. मी उत्रोलीचा, भोरला फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेला. फायनल पास म्हणजे त्या काळी केवढं प्रस्थ! संस्थानानं मला त्या वाडीवर मास्तर म्हणून धाडलं. शाळा एका खोलीची. सगळ्या वाडीत लिहिता-वाचता येणारा माणूस एकच, तो म्हणजे मी.

आणि एक सांगतो, सगळं गाव जेव्हा एकाच माणसाला विचारायला येतं ना, तेव्हा त्या माणसाच्या तोंडून 'मला ठाऊक नाही' हे शब्द जे जातात ते कायमचेच. मास्तर, ग्रहण का लागतं? सांगितलं. मास्तर, आगगाडी कशावर पळते? सांगितलं. मास्तर, म्हैस दूध चोरती, काय करावं? तेही सांगितलं! म्हशीनं माझं ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

वाडीचे पाटील गेनबा. भरघोस मिशा, बोलणं कमी. घरी खाचरं, गुरंढोरं, सगळं जागच्या जागी. पण मुलगा नाही. एकुलती एक लेक, अनसूया. पाटलांचा तिच्यावर एवढा जीव, की आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांना काहीतरी खोट दिसायची. कुणाचं नाक वाकडं, कुणाचं गाव लांब. असं करता करता पोरगी विशीला आली, आणि मग पाटलीणबाईंनीच ठणकावलं, "आता मास्तरास्नी पोरगी द्या न्हाईतर मी माह्यारला जाते." तेव्हा कुठं पाटील माझ्यावर येऊन थांबले. उत्रोलीला माझ्या वडिलांशी बोलणी झाली. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती.

आणि मला मुलगी कशी होती पसंत? अहो, पसंत काय, पाहिली कुणी होती! पाटलांच्या ओसरीवर गेलो की दाराआडून चहाची कपबशी पुढं यायची. हिरव्या बांगड्या आणि चार बोटं. तेवढ्यावर मी वर्ष काढलं. पण त्या बोटांसाठी जीव टाकत होतो हो, खोटं कशाला बोलू?

अशात भोरहून हुकूम आला. विलायतेत नव्या बादशहाचा राज्याभिषेक व्हायचाय, शाळेशाळेतून समारंभ करावा, साखर वाटावी आणि मास्तरांनी राजघराण्याची वंशावळ सांगून भाषण करावं.

वंशावळ! आमच्या वाडीला भूगोल नको, गणित नको, पण वंशावळ म्हटली की म्हातारी माणसं कान टवकारून बसायची. कोण कुणाचा, कुठल्या घरातून आला, कुणाच्या मांडीवर बसला, यावर रात्र रात्र बोलतील. तेव्हा हे भाषण झकास झालंच पाहिजे. शिवाय दाराआडचं माणूसही ऐकायला येणार होतं.

जुन्या पुस्तकात व्हिक्टोरिया राणीपर्यंतचं सगळं होतं. पुढचं मात्र माझं मीच जमवलेलं. वाडीवर कुठला आलाय पेपर? भोरच्या बाजारातून गूळ, डाळ ज्या कागदात बांधून यायची, तोच माझा पेपर. त्यामुळे जगाच्या बातम्या मला पोचायच्या, पण तुकड्यातुकड्यानं आणि थोड्या चिकट.

अशाच एका तुकड्यावर मला मिळालं, की आठव्या एडवर्ड बादशहांनी एका बाईपायी गादी सोडली आणि 'यॉर्कचे ड्यूक आल्बर्ट हे सहावे जॉर्ज या नावाने गादीवर येत आहेत.' पुढचा मजकूर गुळाला चिकटून गेला होता.

मी विचारात पडलो. आल्बर्टचा जॉर्ज कसा झाला? चाळिशीच्या बाप्याचं नाव बदलतं कधी? आपल्याकडे नाव बदलतं दोघांचं. एक नवरीचं, आणि दुसरं दत्तकाचं. आता बादशहा काही नवरी नाही.

म्हणजे दत्तक!

आणि एकदा ते डोक्यात बसल्यावर सगळं कसं फटाफटा जुळत गेलं. गादी मोकळी पडली. एडवर्डला मूलबाळ नाही. मग खालच्या पातीतल्या, म्हणजे धाकट्या शाखेतल्या, जहागिरीतून भाऊबंदांचा मुलगा आणला. जहागीर कुठली? यॉर्क! म्हणजे हा यॉर्ककर घराण्यातला आल्बर्ट. त्याला थोरल्या पातीवर घेतला आणि घराण्यातल्या थोर पुरुषाचं नाव दिलं, जॉर्ज. आपल्या संस्थानांतून काय वेगळं होतं सांगा बरं? तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. नसता? बरं, नसता.

समारंभाचा दिवस आला. ओट्यामागच्या भिंतीवर मी गेरूनं वंशावळ काढली. वर व्हिक्टोरिया राणी, तिच्याखाली सातवा एडवर्ड, त्याखाली पाचवा जॉर्ज, त्याखाली आठवा एडवर्ड. आणि बाजूनं एक वाकडी रेघ आणून सहावा जॉर्ज. सगळी वाडी जमली. बायका एका अंगाला, त्यात पाटलीणबाई, आणि त्यांच्यामागं हिरव्या बांगड्या. माझा आवाज आपोआप चढला.

पुढंच म्हाळूबा धनगर काठी आडवी टाकून बसला होता. वरच्या माळावरनं खास आला होता म्हातारा. त्यानं हात वर केला.

"मास्तर, पाचवा जॉर्ज हाय, मंग आधीचं चार कुठं गेलं?"

"ते वर आहेत, म्हाळूबा. भिंत पुरली नाही."

"आन् सातव्याच्या पोटी पाचवा? विलायतंत उलटं मोजत्यात व्हय?"

"अहो, नावं दोन आहेत, मोजणी दोन. आज्याचं नाव नातवाला. तुमच्या घरात नाही का, बिरू, म्हाळू, बिरू, म्हाळू?"

"हाय की."

"तसंच. एडवर्ड, जॉर्ज, एडवर्ड."

"मंजी बाच्छा आमच्यातलाच म्हना की!" म्हातारा खूश झाला. सगळी सभा खूश झाली. मी तर काय, तरंगायलाच लागलो.

पण म्हाळूबा सोडतोय होय? "मंग ह्यो वाकड्या रेघंचा जॉर्ज कुनाचा?"

इथं, बघा, इथं मला गप्प बसता आलं असतं. 'भोरला विचारून सांगतो' म्हटलं असतं तर कुणी फाशी देत नव्हतं. पण बांगड्या वाजल्या हो!

"मंडळी," मी म्हणालो, "एडवर्ड बादशहाच्या मनात एक बाई भरली. दरबार म्हणाला, ही चालायची नाही. बादशहा म्हणाला, मग तुमची गादी ठेवा तुमच्याकडं. गेला सोडून!"

"आगं बया!" बायकांतून आवाज आला.

"एवढं राज्य, आणि गादी मोकळी! भाऊबंद टपलेले! अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? थोरल्या राणीसाहेबांनी क्षणाचा विलंब लावला नाही. यॉर्ककरांचा आल्बर्ट बोलावला. होम पेटवला. राणीसाहेब पाटावर बसल्या, आल्बर्टला मांडीवर घेतलं..."

"चाळिशीच्या बाप्याला?" म्हाळूबा.

"रीतीला वय नसतं, म्हाळूबा! कानात नाव सांगितलं, जॉर्ज. गावाला साखर वाटली. आणि मी म्हणतो, मंडळी, पोटच्यापेक्षा दत्तक शंभर वाट्यांनी बरा! पोटचा कसा निघेल कुणाच्या हातात असतं? बघा, पोटचा होता तो राज्य टाकून गेला. आणि दत्तक? पारखून घेतला, शिकलेला घेतला, तो गादी सांभाळून बसलाय!"

टाळ्या पडल्या. साखर वाटली. आयुष्यात एवढं चांगलं भाषण मी पुन्हा केलं नाही.

आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच पाटील उठले.

पाटील सभेत कधी बोलायचे नाहीत. त्यांनी मिशीवरनं हात फिरवला, घसा साफ केला. "मंडळी, आज मास्तरांनी माजं डोळं उघडलं. माज्यामागं पाटीलकी भाऊबंदांत जानार, ह्या घोरानं मला झोप न्हवती. लेक काय, परक्याचं धन. पन बाच्छाच्या घरात जे चालतं, त्ये गेनबाच्या घरात का चालू नये?"

मी मान डोलावली. माझ्या भाषणाचा एवढा परिणाम! मला भरून आलं.

"पारखून घ्यावा, शिकल्याला घ्यावा. खरं हाय. मंग म्या म्हन्तो, लांब कशाला जायाचं? मी मास्तरांनाच दत्तक घेतो!"

पुन्हा टाळ्या! माझ्या भाषणाला पडल्या त्याहून जास्त! म्हाळूबानं तर उठून माझ्या तोंडात साखरच कोंबली. त्यामुळे मला बोलता येईना. आणि साखर विरघळेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी पाटलांचा मुलगा झालो तर अनसूया माझी कोण झाली?

बहीण!

संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर बसलो होतो.  म्हटलं, "पाटील, ते आपलं, सुपारीचं..."

"आता कसली सुपारी? घरातल्या घरात?" पाटील हसले. "तिला दुसरं स्थळ बघू. तूच बघ की आता, तिचा थोरला भाऊ हाईस."

'तूच बघ' म्हणाले! काल 'तुमी' होतो, आज 'तू' झालो. दत्तकाला अशी सुरुवात होते.

तेवढ्यात दार उघडलं. वर्षभर जे दार बोटभर उघडायचं ते सताड उघडलं आणि अनसूया कपबशी घेऊन सरळ बाहेर आली. मधे दार नाही, पडदा नाही. भावासमोर कसला पडदा? मी पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं. आणि काय सांगू, बोटांवरनं केला होता त्यापेक्षा कितीतरी चांगला अंदाज करायला हवा होता मी!

कपबशी माझ्या हातात देत ती स्पष्ट म्हणाली, "दादा, च्या घ्या."

तो चहा कसा प्यालो ते माझं मला ठाऊक. पाटील गोठ्याकडं वळले तशी ती हळूच म्हणाली, "लई बोलता न्हवं? आता बोला की."

"अहो, मी काय करू?"

"बोलून बांधलंया, बोलूनच सोडवा. मला भाऊ नगं." एवढं बोलून आत गेली. दार मात्र उघडंच राहिलं.

'मला भाऊ नको' म्हणाली! सगळ्या संकटात एवढी एकच गोष्ट गोड होती. मी कामाला लागलो.

पाटलांना म्हटलं, माझं वय झालंय. ते म्हणाले, रीतीला वय नसतं, तूच म्हनालास. म्हटलं, माझी कुळी वेगळी. ते म्हणाले, यॉर्ककरांची तरी कुठं येक हुती? म्हटलं, माझे वडील कबूल होणार नाहीत. ही माझी शेवटची आशा होती.

पाटलांनी उत्रोलीला निरोप धाडला. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, दुसऱ्या दिवशी धुवट धोतर नेसून हजर! मला वाटलं, पोटचा गोळा द्यायचा म्हणजे रडतील, भांडतील. कसलं काय!

"घ्या, पाटील, घ्या!" तात्या म्हणाले. "आमच्या खाचरात तिघा भावांनी एकदम भाताच्या आवणीला उतरायचं म्हनलं तर एकाला बांधावर ऱ्हावं लागतं. ह्यो बांधावरचाच हाय."

माझा शेवटचा दोर कापला तो माझ्या जन्मदात्यानं! पाटलांनी भटजींना सांगून दिवस धरला, मांडव घातला.

मी तडक भोर गाठलं. माझे जुने हेडमास्तर तिथं राहायचे. इंग्रजी वाचणारे, गावभर मान. त्यांच्या पाया पडलो आणि विचारलं, "गुरुजी, बादशहाचं दत्तक मोडता येतं का?"

"कुठल्या बादशहाचं?"

"आपल्याच. सहाव्या जॉर्जचं. यॉर्ककरांच्यातून आणला तो."

गुरुजींनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. आणि मग जे हसायला लागले, ते त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं तरी थांबेनात.

"अरे गाढवा! तो पाचव्या जॉर्जचा पोटचा दुसरा मुलगा! एडवर्डचा सख्खा धाकटा भाऊ! गादीवर येताना आपल्याच नावांतलं एक निवडतात ते. त्याने बापाचं घेतलं."

"आणि यॉर्क?"

"ती धाकट्याला देतात ती पदवी. आडनाव नव्हे!"

मला हसावं की रडावं कळेना. दत्तक नव्हतंच! पण ते वाडीवर सांगणार कसं? म्हटलं, "गुरुजी, सांगितलं तर अब्रू जाते, नाही सांगितलं तर बायको जाते."

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "या दोहोंतलं तुझ्याकडं आत्ता काय आहे?"

खरं सांगायचं तर दोन्ही नव्हतं.

मी परतलो तो विधानाच्या दिवशी. मांडव भरलेला. होम पेटलेला. पाटील आणि पाटलीणबाई पाटावर बसलेले, तात्या मला द्यायला उत्सुक. म्हाळूबा साखरेसाठी पुढंच. मी गेलो आणि उभाच राहिलो. दाराच्या चौकटीत अनसूया उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती.

"थांबा," मी म्हणालो. "मंडळी, माझं चुकलं. बादशहा दत्तक नाही. पोटचाच आहे. एडवर्डचा सख्खा भाऊ. मी जे भिंतीवर काढलं, जे बोललो, ते सगळं माझ्या मनचं. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं."

 होमाचा धूर तोंडावर येत होता. मी डोळे मिटून उभा.

"मंजी राणीनं मांडीवर घेतला न्हाई?" म्हाळूबानं विचारलं. म्हाताऱ्याला त्याचंच वाईट वाटत होतं.

"नाही."

"साखर?"

"ठाऊक नाही."

ते 'ठाऊक नाही' मी वाडीवर पहिल्यांदा बोललो. आणि जिभेला काही झालं नाही हो!

पाटील सावकाश पाटावरून उठले. माझ्यासमोर आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसते.

"मास्तर," पाटील म्हणाले. पुन्हा मास्तर! माझा जीव भांड्यात पडला. "मास्तर, तुमाला बाच्छाची पिढी ठाऊक न्हाई, आन् मी माजी पिढी तुमच्या हातात देत हुतो! न्हाई न्हाई, तुमी ल्योक म्हनून उपेगाचं न्हाई."

तात्यांचं तोंड पडलं. मी मान खाली घातली.

"जावई म्हनून चालशीला," पाटील पुढं म्हणाले. "ल्योकाला अक्कल लागती. जावयाला काय, डोईला फेटा असला की भागतं. भटजीबुवा, मांडव घातलाच हाय, सुपारी फोडा!"

असा हशा पिकला की होमातला धूरसुद्धा हलला असेल. आणि दारातलं माणूस चटकन आत गेलं. दार पुन्हा बोटभर उरलं.

तर असं झालं आमचं लग्न. पाटलांनी पुढं कुणालाच दत्तक घेतलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "आमच्या जावयाला इचारा, त्यो बाच्छाचं दत्तक मोडून आलाय." भिंतीवरची वाकडी रेघ मी चुन्यानं पुसली, पण गेरू तो, दर पावसाळ्यात परत वर यायचा.

आला बघा चहा. घ्या. आणि आता पुन्हा विचारू नका बरं का, भाऊबीजेला माहेरी का नाही गेलात... विचारलंत? काय माणसं आहात!

ऐका मग तिच्याच तोंडून.

"अवं, भाऊच न्हाई तर कुनाकडं जाऊ? दरसाल चंद्राला ववाळते. येक गावला हुता, चांगला शिकल्याला, वाडीनं साखरबी खाल्ली. पन जरा जास्ती बोलला, आन् त्याचा नवरा झाला."